झेब्रा माशाला शास्त्रीय नाव देणारे डॉ. फ्रान्सिस बुकॅनन

जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये झेब्रा मासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या भारतीय माशाला शास्त्रीय नाव देणारे डॉ. फ्रान्सिस बुकॅनन हे पेशाने शल्यचिकित्सक होते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याची पाहणी करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना पाठविले, तेव्हा १८०० च्या मे महिन्यात त्यांचा मुक्काम बंगळुरूला होता. आज त्याच शहरात त्यांनी नाव दिलेल्या माशावर संशोधन चालते. या योगायोगाची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. जनुक या अर्थाचा शब्ददेखील त्यांच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी, १९०९ मध्ये प्रचारात आला.

बुकॅनन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७६२ रोजी स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात झाला. एडिंबरा विद्यापीठातून १७८३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. तेथेच त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. काही वर्षे व्यापारी जहाजांवर वैद्य म्हणून काम केल्यानंतर १७९४ मध्ये ते कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या दरबारी गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर ते गेले. परतल्यावर त्यांची नेमणूक आजच्या बांगलादेशातील लक्ष्मीपूर येथे झाली. नद्या, खाड्या आणि भातखाचरांच्या या मुलखात त्यांचे लक्ष माशांकडे वळले.

म्हैसूरच्या पाहणीचा आदेश गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी दिला. एप्रिल १८०० मध्ये मद्रासहून निघालेले बुकॅनन जुलै १८०१ मध्ये पाहणी संपवून परतले. कंपनीला नव्या मुलखाचे उत्पन्न जाणून घ्यायचे होते. बुकॅनन यांनी त्याहून कितीतरी अधिक लिहून ठेवले. बंगळुरूच्या पेठेतील विणकर कोणते कापड विणतात, रेशीम कोठून येते, रंगारी कोणती द्रव्ये वापरतात, व्यापाऱ्यांना कर्ज कसे मिळते, याची त्यांनी बारकाईने चौकशी केली. हैदर अली आणि टिपू यांच्या बागाही त्यांनी पाहिल्या. सरूच्या झाडांनी सजलेल्या वाटा, चौकोनी वाफे आणि एकेका वाफ्यात एकाच जातीची झाडे ही तिथली रचना त्यांच्या वर्णनात आढळते. पुढे मलबार आणि कानडा जिल्हा पार करीत ते कारवारजवळच्या सदाशिवगडापर्यंत पोहोचले होते. या प्रवासाचे तीन खंड १८०७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांतली स्थानिक लोकांविषयीची मते अनेकदा कठोर आणि राज्यकर्त्याच्या नजरेतून आलेली आहेत. तरीही दक्षिणेच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ टाळता येत नाही.

ठिकाणी जायचे, ज्याचा जो व्यवसाय त्यालाच विचारायचे आणि वस्तूचे तिथले नाव नोंदवायचे, ही बुकॅनन यांची पद्धत होती. माशांच्या बाबतीत ती विशेष फळाला आली. १८०७ ते १८१४ या काळात त्यांनी दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, शहाबाद, गोरखपूर असे जिल्ह्यामागून जिल्हे पाहिले. मासेमारी हा या पाहणीतील एक अधिकृत विषयच होता. कोळ्यांनी जाळ्यातून काढलेला मासा समोर ठेवून त्याचे पर, खवले, मिशा आणि रंग यांची ते नोंद करीत व बंगाली चित्रकारांकडून चित्रे काढून घेत. त्यांच्यासाठी प्राण्यांची चित्रे काढणाऱ्या हलुदार या चित्रकाराचे नाव आज माहीत आहे. मासे पकडून आणणाऱ्या कोळ्यांची नावे मात्र कोठेही नाहीत.

त्यांच्या ग्रंथात मात्र कोळ्यांची भाषा टिकून राहिली. रोहूला रोहिता, कटलाला कटला, मृगळला मृगला आणि हिलशाला इलिशा ही शास्त्रीय नावे बुकॅनन यांनी लोकांच्या तोंडची नावे घेऊनच दिली. महाराष्ट्रातील तळ्यांत वाढवलेला आणि बाजारात विकला जाणारा रोहू आजही कागदोपत्री त्यांनी दिलेले नाव धारण करतो. कोसी नदीतल्या निळसर पट्ट्यांच्या इवल्या माशाला त्यांनी रेरिओ म्हटले व त्याला ज्या गटात ठेवले, त्याला डॅनिओ हे नाव दिले. भातशेतीतला या अर्थाच्या बंगाली धानी या शब्दावरून ते आले आहे. पुढे वर्गीकरणकारांनी माशाचा गट अनेकदा बदलला, पण रेरिओ हे जातीचे नाव तसेच राहिले.

१८१५ मध्ये नोकरी सोडून मायदेशी निघताना त्यांना मोठा धक्का बसला. अनेक वर्षे जमवलेली चित्रे ही कंपनीची मालमत्ता असल्याचे सांगून सरकारने ती कलकत्त्यात ठेवून घेतली. बुकॅनन यांना हा अन्याय वाटला आणि त्याची कटुता त्यांच्या मनात कायम राहिली. कायद्याच्या दृष्टीने सरकारची बाजू लंगडी होती असे म्हणता येणार नाही. चित्रकारांचा पगार सरकारी होता. पण विज्ञानाचे त्यात नुकसान झाले. बुकॅनन यांच्या माशांचे मूळ नमुने उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांनी पाहिलेला मासा नेमका कोणता, हे ठरवायला शब्द आणि चित्र एवढाच पुरावा होता, आणि त्यातला अर्धा काढून घेण्यात आला.

स्कॉटलंडला परतल्यावर मातुल घराण्याची इस्टेट मिळाल्याने त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतले. म्हणूनच माशांच्या शास्त्रीय नावापुढे हॅमिल्टन, तर वनस्पतींच्या नावापुढे बुकॅनन-हॅमिल्टन असे लिहिलेले दिसते. ही दोन माणसे असावीत असा अनेक विद्यार्थ्यांचा समज होतो. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरा येथे निघाला. त्यात २६९ जातींचे वर्णन आहे, सोबतच्या चित्रपटांची संख्या मात्र ३९. कित्येक जाती चित्राविनाच राहिल्या. १५ जून १८२९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी वर्णिलेला रेरिओ पुढे शोभेचा मासा म्हणून पाश्चात्त्य देशांत पोहोचला. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी निवडले आणि १९८१ मध्ये त्यांचा पायाभूत शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या माशाची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि भ्रूण पारदर्शक असतो. सुमारे एका दिवसात त्याचे हृदय धडधडू लागते, ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येते. एखादे जनुक बिघडले तर कोणता अवयव कोठे अडतो, हे डोळ्यांसमोर उलगडते.

टीबीएक्स-५ हे असेच एक जनुक आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ते बिघडलेल्या झेब्रा माशांच्या भ्रूणांत हृदयाला योग्य वळण मिळत नाही आणि छातीजवळचे पर तयारच होत नाहीत. माणसात याच जनुकातील दोषामुळे हात आणि हृदय या दोहोंत जन्मजात व्यंग असणारा होल्ट-ओरम हा विकार होतो, हे १९९७ पासून ठाऊक होते. माशाचा पर आणि माणसाचा हात यांची घडण एकाच जनुकावर अवलंबून असावी, ही गोष्ट प्रत्येक पराची काळजीपूर्वक नोंद करणाऱ्या बुकॅनन यांना नक्कीच आवडली असती. झेब्रा माशाच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे नातलग त्यात सापडले. बंगळुरूत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या केंद्रात याच माशाच्या पिल्लांवरून चेतासंस्था कशी घडते आणि कशी काम करते, याचा शोध घेतला जातो.

कलकत्त्यात अडकलेली चित्रे नष्ट झाली नाहीत. जॉन मॅक्लेलँड यांनी १८३९ मध्ये माशांवरील आपल्या ग्रंथासाठी त्यांचा उपयोग केला. नंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी ती ग्रंथातील वर्णनांशी पडताळून पाहिली आणि बुकॅनन यांचे मासे ओळखण्यास मदत करणारा निबंध प्रसिद्ध केला. ते वर्ष होते १९२९. बुकॅनन यांना जाऊन शंभर वर्षे झाली होती.