बाबासाहेबांनी सोडलेल्या तीन नोकऱ्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, महाडचं चवदार तळं आठवतं, नागपूरची धम्मदीक्षा आठवते. त्यांनी नोकऱ्या केल्या आणि सोडल्या, हे सहसा आठवत नाही. आपल्यापैकी बरेच जण यंदा शेवटच्या वर्षाला आहेत. काहींच्या हातात नोकरीचं पत्र आहे आणि घरून एकच सांगणं आहे, मिळाली आहे ना, मग टिकव. म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्याची ही बाजू इथे मांडते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीत झाला. वडील लष्करात सुभेदार होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीला एक अट होती. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. 1916 मध्ये ते लंडनला पुढचं शिक्षण घ्यायला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करायची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ही परवानगी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. वय 26. कागदावर पाहिलं तर यापेक्षा चांगली नोकरी कोणती? खुद्द महाराजांचा पाठिंबा होता, पुढे त्यांना अर्थमंत्री करावं असा विचारही होता. पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. आणि गावात राहायला जागाच नव्हती. अस्पृश्याला खोली कोण देणार? शेवटी एका पारशी सराईत ते पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, रात्री एका कंदिलाचा मिणमिणता उजेड, बोलायला कुणी नाही. मुंबईहून उरलेलं सामान घेऊन त्यांचा भाचा आला, तो मामाची ही अवस्था पाहून इतका रडायला लागला की त्याला लगेच परत पाठवावं लागलं.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन सराईत आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलं.

बाबासाहेबांनी त्या दिवशी दोन मित्रांची दारं ठोठावली. एक हिंदू होता. त्याने सांगितलं, तुला घरात घेतलं तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. तो म्हणाला, उद्या बायको येतेय, तिला विचारून सांगतो. हे नवरा-बायको मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्म बदलल्यावर नवऱ्याचे विचार मोकळे झाले होते, बायकोचं सोवळं तसंच राहिलं होतं. तिने होकार दिलाच नसता, हे बाबासाहेबांना नंतर कळलं. आपण ख्रिस्ती मंडळी जातीबद्दल बोलताना बरेचदा ती दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट आहे असं समजून बोलतो. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती आपल्यालाही वाचावी लागते.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास ते कमाटी बागेत बसून राहिले आणि मग बडोदं सोडून गेले. याला निर्णय म्हणायचं का? मला वाटतं, नाही. कामात ते कमी पडले नव्हते. दहा वर्षं नोकरी करायचा शब्दही त्यांना पाळायचा होता. पण जिथे पाठ टेकायला जागा नाही तिथे चिकाटी काय करणार? ही नोकरी त्यांनी सोडली नाही, ती त्यांना सोडायला लावली.

दुसरी नोकरी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली. नोव्हेंबर 1918 मध्ये ते तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये, त्या काळी भरपूर. इथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी पिणं खपलं नाही. पण या वेळी घर होतं, पगार होता, आणि लंडनच्या परवानगीची मुदत डोळ्यांसमोर होती. ते काटकसरीने पैसे साठवत राहिले. 1920 मध्ये साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढं जमल्यावर त्यांनी राजीनामा दिला. हा नवल भथेना पारशी होता, हेही सांगायला हवं. लंडनहून ते डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. रमाबाईंनी मात्र ती वर्षं मुंबईत तुटपुंज्या पैशात संसार ओढला. त्या राजीनाम्याची किंमत त्यांनीही मोजली.

तिसरी नोकरी सगळ्यात मोठी, स्वतंत्र भारताच्या पहिल्या कायदेमंत्र्याची. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडत गेलं. मागासवर्गीयांबद्दलच्या सरकारच्या धोरणावर आणि परराष्ट्र धोरणावरही ते नाराज होते. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा ते साठीचे होते, तब्येत ढासळली होती. पुढच्याच निवडणुकीत मुंबईतून ते हरले. पद सोडल्याने फायदा झाला असं कुणी म्हणू शकणार नाही. तिथे राहून आपलं नाव ज्या कामाला लागतंय ते काम होत नाहीये, एवढं कारण त्यांना पुरलं.

माणूस एकच आणि नोकऱ्या तीन, पण प्रत्येक वेळचा प्रश्न वेगळा. बडोद्यात माणूस म्हणून जगता येतंय का, हा प्रश्न होता. सिडनहॅममध्ये पुढची तयारी झाली का, हा. दिल्लीत ज्यासाठी आलो ते होतंय का, हा. आपल्यातलं कुणी उद्या एखाद्या नोकरीत घुसमटलं, तर टिकव किंवा सोड असं सांगण्याआधी आपण त्याला विचारूया, तू यातल्या कुठल्या प्रश्नापाशी उभा आहेस? आणि तो बडोद्याच्या प्रश्नापाशी असेल, तर सल्ला राहू दे. आधी त्याला राहायला आपल्या घरातली खोली देऊया.