ओवीतून नाताळची तयारी करून घेणारे मेंढपाळ : फादर थॉमस स्टीफन्स



आजपासून पवित्र ख्रिस्तसभेचा आगमनकाळ सुरू होत आहे. वेदीवर जांभळा रंग आला आहे आणि आगमनचक्रावरची पहिली मेणबत्ती पेटली आहे. शेतातले सोयाबीन निघाले, हरभरा वर आला, कापसाची वेचणी चालू आहे. आपल्यातील काही कुटुंबे ऊसतोडीला गेली आहेत आणि त्यांच्या दारांना कुलपे आहेत. घर झाडणे, सारवणे, नवे कपडे, फराळ ही नाताळची तयारी आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. पण मनाची तयारी कशी करायची, हा प्रश्न दर वर्षी उरतोच. त्यासाठी या रविवारी आम्ही आपल्यापुढे एका धर्मगुरूंचे चरित्र ठेवीत आहोत. ते चारशे वर्षांपूर्वी होऊन गेले, जन्माने इंग्रज होते आणि आपल्या लोकांची तयारी त्यांनी मराठी ओवीतून करून घेतली. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

लपून जपलेली श्रद्धा

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे 1549 साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस वाढले तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कठीण होता. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत मिस्साबलिदानावर बंदी आली. धर्मगुरूंना लपून राहावे लागे आणि श्रद्धावंतांना दंड व तुरुंगवास सोसावा लागे. थॉमस यांचे मित्र थॉमस पाउंड यांनाही श्रद्धेपायी अटक झाली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि 20 ऑक्टोबर 1575 रोजी येशूसंघात दाखल झाले.

आपल्याला दर रविवारी मिस्सा मिळते, म्हणून तिची किंमत कधी कधी कळत नाही. ज्याच्या देशात मिस्सेला जाणे हा गुन्हा होता, त्याला ती कळली होती. पुढे या माणसाने चाळीस वर्षे न थकता काम केले. त्यामागे ही जाणीव होती, असे आम्हाला वाटते.

4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक प्रवास झाला आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी जहाज गोव्याला लागले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले आणि ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. भारतात येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचा उल्लेख होतो. व्यापारी कंपनीचे इंग्रज येण्याच्या कितीतरी वर्षे आधी ते आले, आणि ते काही विकायला किंवा जिंकायला आले नव्हते.

सासष्टीचे मेंढपाळ

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि दक्षिणेकडील सासष्टी तालुका त्यांचे कार्यक्षेत्र झाला. मडगाव, रायतूर (राशोल) आणि आसपासची गावे हा त्यांचा परिसर. मरेपर्यंत, म्हणजे 1619 सालापर्यंत, त्यांचे बहुतेक आयुष्य तिथेच गेले.

तो काळ शांततेचा नव्हता, हे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती, जुन्या धर्माचे ग्रंथ आणि विधी बंद केले होते. त्यामुळे गावांत मोठा राग होता. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा, त्यांचे चार येशूसंघीय सोबती आणि बरोबरचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. आपल्या सहकाऱ्यांची शरीरे परत मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले.

अशा प्रसंगानंतर माणूस कडवट होतो, किंवा घाबरून निघून जातो. फादर स्टीफन्स तिथेच राहिले. ज्या लोकांमध्ये आपले सोबती मारले गेले, त्यांचीच भाषा त्यांनी आणखी मन लावून शिकली.

रिकाम्या कानांसाठी एक पुराण

सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची अडचण त्यांच्या लवकर लक्षात आली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकत आलेले होते. संध्याकाळी एकत्र बसायचे, एकाने ओव्या म्हणायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या, ही त्यांची रीत. बाप्तिस्मा झाल्यावर जुनी पुराणे बंद झाली. त्यांच्या जागी प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण आली. ती खरी होती, आवश्यकही होती, पण कानाला आणि मनाला जे ऐकायची सवय होती ते त्यात नव्हते. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण श्रोता पाद्रींपुढे ही मागणी मांडतो, की आमची पुराणे गेली, तर त्यांच्या जागी ऐकायला आम्हाला काहीतरी द्या.

फादर स्टीफन्स यांनी ती मागणी मान्य केली आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहिले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला शिकवला जाई. परमेश्वराची कृपा माणसाचा मूळ स्वभाव मोडून टाकीत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते, असा तो विचार आहे. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चांगले बी मिळाले म्हणून कोणी जमीन बदलत नाही. आहे त्याच जमिनीची मशागत करून त्यात पेरणी करतो. फादर स्टीफन्स यांनी लोकांची भाषा, त्यांचा छंद, त्यांची ऐकण्याची रीत ही जमीन तशीच ठेवली आणि तिच्यात शुभवर्तमान पेरले. स्वर्गासाठीसुद्धा त्यांनी लोकांच्या ओळखीचा वैकुंठ हा शब्द वापरला.

ग्रंथासाठी त्यांनी ओवी निवडली. ओवी ही ज्ञानेश्वरीची, आणि आपल्या आयाआज्यांच्या जात्यावरचीही. आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्या परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको, की जे गाऊन सांगितले जाते ते पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त दिवस टिकते. मराठीचे कौतुक करताना या परदेशी धर्मगुरूंनी तिला रत्नांची आणि फुलांची उपमा दिली आहे. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. तिची थोरवी ओळखणाऱ्यांत विल्टशायरचा हा मुलगा चारशे वर्षे आधीच उभा होता.

छत्तीस अध्याय वाट पाहण्याचे

आता आगमनकाळाशी ज्याचा थेट संबंध आहे, ते सांगतो. ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याचे दोन भाग असून अध्यायांना अवस्वरू म्हटले आहे. पहिल्या पुराणात 36 आणि दुसऱ्यात 59, असे एकूण 95 अवस्वरू आहेत. येशू ख्रिस्ताचे जीवन दुसऱ्या पुराणात आहे. मग पहिल्या छत्तीस अध्यायांत काय आहे? त्यांत जगाची उत्पत्ती आहे, आदाम आणि एवा यांचे पतन आहे, नोहा, आब्राहाम, मोशे, दावीद राजा आणि संदेष्टे आहेत. थोडक्यात, तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांचा सारा इतिहास आहे.

फादर स्टीफन्स यांना घाई असती, तर त्यांनी पहिल्याच अध्यायात बेथलेहेमचा गोठा आणला असता. त्यांनी तसे केले नाही. एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ त्यांनी वाट पाहण्याला दिला. आजाऱ्याला आपला आजार कळल्याशिवाय वैद्याची किंमत कळत नाही. रात्र किती मोठी होती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पहाटेचा आनंद कसा होणार? म्हणून त्यांनी लोकांना आधी त्या लांब रात्रीतून चालवले आणि मगच गोठ्यापाशी आणले.

आपण उलटे करतो. नाताळची गाणी आधी लागतात, चांदणी आधी टांगली जाते आणि आगमनकाळ मध्येच कुठेतरी हरवतो. मग 25 डिसेंबर येतो आणि जातो, मन होते तिथेच राहते.

हा ग्रंथ 1616 साली रायतूरला छापून झाला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. खिळे करून मिळावेत, असे फादर स्टीफन्स यांनी 1608 सालीच रोमला लिहिले होते, पण ते जमले नाही. त्यांनी काम मात्र थांबवले नाही. चर्चमध्ये रविवारी व सणावारी हे पुराण वाचले व गायले जाऊ लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनाही ते ऐकता येत होते. याशिवाय त्यांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले, ते 1622 साली छापले गेले, आणि कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते 1640 साली. ही दोन्ही पुस्तके छापील रूपात पाहायला ते हयात नव्हते.

पेरणाऱ्याने न पाहिलेले पीक

ख्रिस्तपुराणाच्या 1649 आणि 1654 साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे दिवस पालटले. 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचे माहीत नाही. पुस्तक नाहीसे झाले, पण पुराण नाहीसे झाले नाही. घराघरांत लोकांनी ते हाताने उतरवून घेतले होते. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले. 1784 पासून 1799 पर्यंत टिपू सुलतानाने तिकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात ठेवले. तेव्हा धर्मगुरू आणि मिस्सा नसताना या पुराणाने आपल्याला धीर दिला, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते.

अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. ज्या अक्षरांसाठी फादर स्टीफन्स यांनी विनंती केली होती, ती त्यांच्या पुराणाला छापील पानावर मिळायला तीनशे चाळीस वर्षे लागली.

फादर स्टीफन्स संत म्हणून घोषित झालेले नाहीत. त्यांच्या नावे चमत्कार सांगितले जात नाहीत. आपल्याला सांभाळायला दिलेल्या लोकांची भाषा मनापासून शिकणे आणि त्यांची मने ख्रिस्तासाठी तयार करणे, एवढेच त्यांनी केले. पण एका मेंढपाळाकडून याहून अधिक काय मागावे?

आपण काय करू या

संत थॉमस अक्वायनस कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली म्हणजे झालेला उपकार ओळखणे, दुसरी म्हणजे तो तोंडाने बोलून दाखवणे आणि तिसरी म्हणजे योग्य वेळी, आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची फेड करणे. या आगमनकाळात या तीन पायऱ्या आपण घरोघरी चढू या.

उपकार ओळखण्यासाठी रोज रात्री जेवणाआधी थोडा वेळ बायबलमधील एक गोष्ट घरात मोठ्याने वाचावी. आदामापासून सुरुवात करावी आणि नाताळच्या आदल्या रात्री बेथलेहेमला पोहोचावे. वाचता येणाऱ्या मुलामुलींनी वाचावे, आजीआजोबांनी आपल्या शब्दांत सांगावे. ज्यांच्या घरची माणसे ऊसतोडीच्या फडावर आहेत, त्यांनी ती गोष्ट फोनवरून त्यांना ऐकवावी. तिथल्या कोपीत चर्च नाही, पण ऐकणारे कान आहेत.

बोलून दाखवण्यासाठी, जेवण झाल्यावर प्रत्येकाने त्या दिवसातील एका गोष्टीबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत. पीक कमी आले असेल, डोक्यावर कर्ज असेल, तरीही. सुखात आभार मानणे सोपे असते. आपण इतरांनाही दुःख नाही असे दाखवावे, असा याचा अर्थ नाही. दुःखातही परमेश्वर आपल्याबरोबर चालतो, एवढे ओळखणे म्हणजे कृतज्ञता.

फेड करण्यासाठी, कुलूप लागलेल्या घरांमागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे आणि लेकरांकडे जाऊन यावे. त्यांना रविवारी आपल्याबरोबर मिस्सेला आणावे. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्याशी पहिला शब्द आपण बोलावा. आणि नाताळपूर्वी प्रत्येकाने चांगले पापनिवेदन करावे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आम्ही दर मिस्सेआधी त्यासाठी उपलब्ध आहोत.

फादर स्टीफन्स यांनी पेरले आणि पीक येण्याआधी ते गेले. आपल्या घरात या चार आठवड्यांत ऐकलेली गोष्टही लेकरांच्या मनात कधी उगवेल, ते आपल्याला ठाऊक नाही. पेरणे आपल्या हाती आहे. उगवण परमेश्वराच्या हाती.

हा आगमनकाळ आपणा सर्वांना मनाच्या तयारीचा आणि उपकारस्तुतीचा जावो, अशी आम्ही प्रार्थना करतो. पवित्र मरिया, जिने सर्वांत चांगली वाट पाहिली, ती आपल्यासाठी विनंती करो.

आपले प्रमुख धर्मगुरू,
साखरा