राजरत्न प्रा. माणिकराव

दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाम मंदिर आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. जुम्मादादांनी १८८० च्या सुमारास सुरू केलेला हा आखाडा त्यांच्यामागेही टिकला, तो त्यांचे पट्टशिष्य माणिकराव यांच्यामुळे.

१८७८ साली जन्मलेले गजानन यशवंत माणिकराव आजन्म ब्रह्मचारी राहिले आणि तालमीलाच त्यांनी आपला संसार मानले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, जंबिया यांच्या जोडीला त्यांनी सांघिक व्यायाम आणला आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत दिले. मोडलेले हाड बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या हाताखाली घडलेल्या छोटुभाई व अंबुभाई पुराणी या बंधूंनी गुजरातभर व्यायामाची चळवळ नेली.

आखाड्याला स्वतःचे असे उत्पन्न ते काय असणार? संस्थानी काळात अशा तालमींचा मोठा आधार म्हणजे राजाश्रय. सयाजीराव महाराज १९३९ मध्ये गेले आणि १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले. त्यानंतर गाठीशी उरली ती शिष्यांची निष्ठा आणि लोकांचा विश्वास.

माणिकराव १९५४ मध्ये निवर्तले. व्यायाम मंदिर मात्र आजही उभे आहे. मुसलमान गुरूचा आखाडा मराठी शिष्याने जिवापाड सांभाळला, नावारूपाला आणला. पण पाटीवर नाव गुरूचेच ठेवले. मुलांना तेथे नेताना एवढी गोष्ट त्यांना जरूर सांगावी.