ग्रॅहॅम हिल

ग्रॅहॅम हिल (संपूर्ण नाव: नॉर्मन ग्रॅहॅम हिल, १५ फेब्रुवारी, १९२९ – २९ नोव्हेंबर, १९७५) हे ब्रिटिश मोटार शर्यतपटू होते. आयुष्याच्या अखेरच्या तीन वर्षांत ते स्वतःच्या फॉर्म्युला वन संघाचे मालकही होते. १९६२ आणि १९६८ या दोन वर्षी त्यांनी फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले. मोनॅको ग्रांप्री, अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० आणि फ्रान्समधील ल मानची २४ तासांची शर्यत या तिन्ही स्पर्धा जिंकण्याला मोटार शर्यतींच्या जगात ‘तिहेरी मुकुट’ म्हणतात. हा मान मिळवणारे हिल हे एकमेव चालक आहेत. मोनॅको ग्रांप्री त्यांनी पाच वेळा जिंकली. संघमालक असताना विमान अपघातात त्यांचा व त्यांच्या पाच सहकाऱ्यांचा मृत्यू झाला.

प्रारंभीचे जीवन

हिल यांचा जन्म लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. हेन्डन येथील तांत्रिक महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी स्मिथ्स या उपकरणे बनविणाऱ्या कंपनीत उमेदवारी केली. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. हाड जुळले, परंतु तो पाय किंचित आखूड राहिला आणि चालण्यातील लंगडेपणा कायमचा जडला. त्या काळी ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. हिल यांनी ती नौदलात, स्विफ्टशुअर या युद्धनौकेच्या इंजिन विभागात केली.

मोटारींच्या आधी त्यांना वल्हवण्याच्या शर्यतींची आवड लागली. १९५२ साली ते लंडन रोइंग क्लबचे सदस्य झाले. पुढील दोन-तीन वर्षांत त्यांनी वीस अंतिम फेऱ्यांत भाग घेतला आणि त्यांपैकी आठ जिंकल्या. संपूर्ण नौकेची लय ज्याच्या वल्ह्यावर ठरते, त्या जागेवर ते बहुधा बसत. पुढे मोटार शर्यतीत उतरल्यावर त्यांनी क्लबचेच रंग आपल्या हेल्मेटवर घेतले. गडद निळ्या रंगावर वल्ह्यांच्या पात्यांसारखे पांढरे उभे पट्टे ही त्यांची कायमची ओळख ठरली. पत्नी बेट याही वल्हवणाऱ्या होत्या. १९५५ साली त्यांचा विवाह झाला. ब्रिजिट, डेमन आणि समँथा ही त्यांची तीन अपत्ये होत.

मोटार शर्यतीत प्रवेश

बहुतेक शर्यतपटू लहान वयातच चाकामागे बसतात. हिल यांनी मात्र मोटार चालविण्याचा परवाना चोविसाव्या वर्षी मिळवला. ब्रँड्स हॅच येथे पाच शिलिंगांत शर्यतीची गाडी एक फेरी चालविण्यास मिळते, अशी जाहिरात त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी पैसे भरून काही फेऱ्या मारल्या. तेवढ्या अनुभवावर त्यांनी नोकरी सोडली आणि गाडी चालविण्याच्या संधीच्या मोबदल्यात एका शर्यत प्रशिक्षण शाळेत यांत्रिकाचे काम पत्करले. १९५४ साली ते पहिल्या शर्यतीत उतरले.

त्याच वर्षी त्यांची लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्याशी ओळख झाली. चॅपमन यांच्या कारखान्यात हिल यांना दिवसाला एक पौंड मजुरीवर यांत्रिकाचे काम मिळाले. गिअरबॉक्सचे काम करीत असतानाच, आपल्याला गाडी चालवू द्यावी यासाठी ते चॅपमन यांच्यामागे लागून राहिले. अखेर १९५८ च्या मोनॅको ग्रांप्रीत लोटसकडून त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. त्या काळातील लोटस गाड्या वेगवान, पण नाजूक होत्या. दोन हंगामांत वारंवार गाडी बंद पडल्यावर १९६० साली ते बी.आर.एम. या ब्रिटिश संघात गेले.

बी.आर.एम. आणि पहिले विश्वविजेतेपद

बी.आर.एम. संघावर अनेक वर्षे मोठा खर्च होऊनही यश तुटपुंजे होते. १९६० च्या ब्रिटिश ग्रांप्रीत सुरुवातीलाच हिल यांची गाडी बंद पडली. सर्वांत मागून निघून एकेक गाडी ओलांडत त्यांनी आघाडी घेतली, परंतु शेवटच्या टप्प्यात ब्रेकच्या त्रासामुळे गाडी घसरून ते बाहेर पडले. पुढे १९६२ च्या हंगामापूर्वी संघमालक आल्फ्रेड ओवेन यांनी यश न मिळाल्यास संघ बंद करण्याचा इशारा दिला. त्या हंगामात हिल यांनी डच, जर्मन आणि इटालियन ग्रांप्री जिंकल्या. विजेतेपदाचा निकाल २९ डिसेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथील शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपला. लोटसचे जिम क्लार्क आघाडीवर होते, परंतु त्यांच्या इंजिनातून तेलगळती झाल्याने ते बाहेर पडले. शर्यत आणि विश्वविजेतेपद हिल यांना मिळाले. बी.आर.एम. संघ वाचला.

हिल यांच्या यशाचा पाया जन्मजात चपळाईपेक्षा परिश्रमावर अधिक होता. गाडीच्या स्प्रिंगा, टायरांतील हवा, गिअरांची जुळणी अशा प्रत्येक बदलाची आणि त्याच्या परिणामाची नोंद ते आपल्या वहीत करून ठेवीत. क्लार्क यांच्यासारखे चालक मिळेल त्या गाडीशी जुळवून घेत, तर हिल गाडीलाच आपल्याशी जुळवून घेईपर्यंत यांत्रिकांना सोडत नसत.

१९६३, १९६४ आणि १९६५ अशी सलग तीन वर्षे त्यांनी मोनॅको ग्रांप्री जिंकली. शहराच्या अरुंद रस्त्यांवरील या शर्यतीत क्षणाचीही चूक गाडीला कठड्यावर नेते. १९६४ साली दुसरे विश्वविजेतेपद त्यांच्या हातून एका गुणाने निसटले. मेक्सिकोतील अखेरच्या शर्यतीत फेरारीच्या लॉरेन्झो बँडिनी यांची गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. फेरारीचेच जॉन सरटीस ४० गुणांसह विजेते ठरले. हिल यांनी एकूण ४१ गुण मिळवले होते, परंतु त्या वेळच्या नियमानुसार सर्वोत्तम सहा निकालच धरले जात असल्याने त्यांचे ३९ गुण मोजले गेले.

इंडियानापोलिस आणि लोटसमध्ये पुनरागमन

१९६६ साली हिल यांनी इंडियानापोलिस ५०० ही ५०० मैलांची शर्यत पहिल्याच प्रयत्नात जिंकली. सुरुवातीच्याच साखळी अपघातात अकरा गाड्या बाद झाल्या होत्या. लोला गाडीतून धावणारे हिल केवळ अखेरच्या दहा फेऱ्यांत आघाडीवर होते.

१९६७ साली ते लोटसमध्ये परतले. यांत्रिक म्हणून जेथे सुरुवात केली, तेथेच आता ते क्लार्क यांच्या बरोबरीचे चालक होते. त्या वर्षी लोटस ४९ ही गाडी आणि तिच्यातील फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन प्रथमच शर्यतीत उतरले. ७ एप्रिल, १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथील शर्यतीत क्लार्क यांचा मृत्यू झाला. संघ कोलमडण्याच्या बेतात असताना पुढची स्पॅनिश ग्रांप्री आणि त्यानंतरची मोनॅको ग्रांप्री हिल यांनी जिंकली. मेक्सिकोतील अखेरची शर्यतही जिंकून ते दुसऱ्यांदा विश्वविजेते झाले. १९६९ साली त्यांनी मोनॅको पाचव्यांदा जिंकली. हा त्यांचा फॉर्म्युला वनमधील चौदावा आणि शेवटचा विजय होता.

अपघात आणि ल मान

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे हिल यांची गाडी घसरून बंद पडली. खाली उतरून, गाडी ढकलून त्यांनी ती पुन्हा सुरू केली, परंतु एकट्याने सीटबेल्ट बांधणे शक्य नव्हते. थोड्याच वेळात टायर निकामी होऊन गाडी उलटली. हिल बाहेर फेकले गेले आणि त्यांचे दोन्ही पाय गंभीर जखमी झाले. ते पुन्हा शर्यतीत उतरतील असे फारच थोड्यांना वाटत होते. मार्च १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ग्रांप्रीत मात्र ते रॉब वॉकर यांच्या संघाकडून उतरले आणि सहावे आले.

१९७१ व १९७२ मध्ये ते ब्रॅबहॅम संघात होते. विश्वविजेतेपदासाठी धरल्या जाणाऱ्या शर्यतींत त्यांना पूर्वीचे यश मिळाले नाही. तथापि, जून १९७२ मध्ये आँरी पेस्कारोलो यांच्या साथीने मात्रा-सिम्का गाडीतून त्यांनी ल मानची शर्यत जिंकली आणि तिहेरी मुकुट पूर्ण केला. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

संघमालक

चालकाने स्वतःचा संघ काढण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. जॅक ब्रॅबहॅम यांनी १९६६ साली स्वतःच्या नावाच्या गाडीतून विश्वविजेतेपद मिळवले होते. ब्रुस मॅकलारेन आणि जॉन सरटीस यांनीही संघ उभे केले होते. कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन आता कोणालाही विकत मिळत असे. गिअरबॉक्सही बाहेरून घेता येई. सांगाडा आणि प्रायोजक मिळाला की लहान संघालाही शर्यतीत उतरता येत असे. हिल यांनी एम्बसी या सिगारेटच्या नाममुद्रेचे प्रायोजकत्व मिळवले आणि १९७३ साली ‘एम्बसी हिल’ हा संघ सुरू केला.

पहिल्या हंगामात त्यांनी शॅडो कंपनीची गाडी वापरली, परंतु एकही गुण मिळाला नाही. १९७४ साली लोला कंपनीकडून गाड्या बनवून घेतल्या. त्या वर्षी स्वीडनमध्ये सहावे येऊन हिल यांनी एक गुण मिळवला. चालक म्हणून तो त्यांचा अखेरचा गुण होता. मालक, चालक आणि प्रायोजकांशी बोलणी करणारा प्रतिनिधी ही तिन्ही कामे त्यांना एकाच वेळी पार पाडावी लागत होती.

१९७५ साली तरुण अभियंता अँडी स्मॉलमन यांनी आखलेली गाडी ‘हिल जीएच१’ या नावाने धावू लागली. तिची सुरुवात दुर्दैवी ठरली. २७ एप्रिल रोजी बार्सिलोनातील मोंजुईक येथील शर्यतीत संघाचे चालक रोल्फ स्टॉमेलन आघाडीवर होते. अचानक गाडीच्या मागील पंखाचा आधार तुटला आणि गाडी कठड्यावरून पलीकडे गेली. तेथे उभ्या असलेल्या काही जणांचा मृत्यू झाला व स्टॉमेलन गंभीर जखमी झाले. कठडे नीट बसवलेले नाहीत अशी तक्रार चालकांनी शर्यतीपूर्वीच केली होती आणि संघांच्या यांत्रिकांनी ते स्वतः आवळले होते.

पुढच्याच महिन्यात मोनॅकोमध्ये, जेथे पाच विजय मिळवले होते तेथे, ४६ वर्षांचे हिल पात्रता फेरीतून पुढे जाऊ शकले नाहीत. आपल्या गाडीवर आपल्यापेक्षा तरुण चालकाचा अधिकार आहे, हे त्यांनी मालक म्हणून स्वीकारले. जुलै महिन्यात सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रांप्रीच्या वेळी त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि प्रेक्षकांचा निरोप घेत एक फेरी मारली. विश्वविजेतेपदाच्या १७६ शर्यतींत भाग घेण्याचा त्यांचा विक्रम पुढे दशकाहून अधिक काळ टिकला.

त्यांची जागा टोनी ब्राइस या तरुण इंग्रज चालकाने घेतली होती. ब्राइस यांनी स्वीडनमध्ये सहावे स्थान मिळवले. पुढे विश्वविजेते झालेले ॲलन जोन्स हेही काही शर्यतींत या संघाकडून धावले आणि जर्मनीत पाचवे आले. तीन गुणांचा हा हंगाम संघाचा सर्वोत्तम हंगाम ठरला. पुढील वर्षासाठी जीएच२ ही नवी गाडी तयार झाली.

विमान अपघात

२९ नोव्हेंबर, १९७५ रोजी फ्रान्समधील पॉल रिकार येथे जीएच२ ची चाचणी आटोपून संघ हिल यांच्या पायपर ॲझ्टेक विमानाने परतत होता. विमान स्वतः हिल चालवीत होते. लंडनच्या उत्तरेकडील एल्सट्री धावपट्टीवर उतरण्याच्या बेतात असताना रात्री दाट धुक्यात विमान आर्कली येथील गोल्फच्या मैदानावर झाडांना धडकून कोसळले. हिल, ब्राइस, स्मॉलमन, व्यवस्थापक रे ब्रिंबल आणि यांत्रिक टोनी अल्कॉक व टेरी रिचर्ड्स हे सहाही जण ठार झाले. मृत्युसमयी ब्राइस २३ वर्षांचे होते.

अधिकृत चौकशीत अपघाताचे निश्चित कारण ठरवता आले नाही. मात्र विमानाची नोंदणी वैध नव्हती आणि केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्यासाठी लागणाऱ्या हिल यांच्या पात्रतेची मुदत संपलेली होती, असे निष्पन्न झाले. त्यामुळे विम्याचे संरक्षण मिळाले नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी हिल यांच्या मालमत्तेवर भरपाईचे दावे केले. ते भागवताना बेट हिल यांना राहते घर विकावे लागले. मालक, अभियंता आणि चालक एकाच वेळी गेल्याने संघ बंद पडला. जीएच२ एकाही शर्यतीत उतरली नाही.

हिल यांचा अंत्यविधी सेंट ऑल्बन्स येथील प्रार्थनामंदिरात झाला आणि शेन्ली येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

वडील गेले तेव्हा डेमन हिल १५ वर्षांचे होते. मजुरी आणि मोटारसायकलवरून टपाल पोहोचविण्याचे काम करीत त्यांनी शर्यतींसाठी पैसा उभा केला. १९९३ साली आयर्टन सेना यांनी मोनॅको सहाव्यांदा जिंकून ग्रॅहॅम हिल यांचा विक्रम मोडला, त्या शर्यतीत दुसरे स्थान डेमन यांचे होते. १९९६ साली ते विश्वविजेते झाले. पिता आणि पुत्र दोघेही विश्वविजेते असण्याचे फॉर्म्युला वनमधील हे पहिले उदाहरण होय. डेमन यांच्या हेल्मेटवरही तेच निळे-पांढरे पट्टे होते.

चालक म्हणून ग्रॅहॅम हिल यांचे स्थान त्यांच्या विक्रमांनी निश्चित केले आहे. संघमालक म्हणून तीन वर्षांत त्यांच्या पदरी चारच गुण पडले. प्रत्येक स्प्रिंगेची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या विमानाची कागदपत्रे मात्र अपुरी राहिली आणि त्याची किंमत त्यांच्या कुटुंबासह आणखी पाच कुटुंबांना मोजावी लागली. त्यांच्या चरित्रातून चिकाटीची थोरवी जशी कळते, तशीच इतरांचे जीव सांभाळणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते हेही कळते.