पंच्याहत्तर डॉलरचा डाव

दर वर्षी फर्स्ट इयरची पोरं लॅबमध्ये आली, की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास येतो. सर, या लिनक्सवर गेम चालतात का? विचारणारा जळगावचा असो, धुळ्याचा असो नाहीतर साक्रीकडचा, चेहऱ्यावरचा भाव एकच. नाही म्हटलं तर आज रात्रीच विंडोज टाकून मोकळा! मी २००४ ते २००८ या काळात याच हॉस्टेलला होतो आणि हाच प्रश्न मीही विचारला होता. उत्तर मिळालं, की लिनक्स हे अभ्यासाचं आहे, खेळण्याचं नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण उत्तर इतिहासाला धरून नव्हतं. लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या घराण्याची सुरुवातच एका गेमपासून झाली, आणि तो गेम महाग पडत होता म्हणून झाली. ते घराणं उभं करणाऱ्या दोघांपैकी एकाची ही गोष्ट आहे.

मित्रांनो, डेनिस रिची हे नाव तुम्हाला नवीन नाही. सी भाषेचा जनक कोण, हा दोन मार्कांचा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं लेट अस सी उशाशी घेऊन झोपलेल्या पिढ्या या हॉस्टेलने पाहिल्या आहेत. पण दोन मार्क मिळाले की नाव विसरलं, असंच होतं.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल गावचा. वडील अ‍ॅलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. स्विचिंग सर्किट्सवरच्या एका पुस्तकाचे ते सहलेखक. म्हणजे आपण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ज्याला वैतागतो, ते या पोराच्या घरातच होतं. शाळा न्यू जर्सीतल्या समिट गावात झाली, मग हार्वर्ड विद्यापीठ. पदवी भौतिकशास्त्राची, पण मन लागलं कॉम्प्युटरमध्ये. पुढे उपयोजित गणितात पीएचडीचं काम केलं. १९६८ साली प्रबंध लिहून तयार झाला.

आता इथे एक गंमत आहे. रिची यांना पीएचडी कधी मिळालीच नाही. त्यांच्या एका सोबत्याने सांगितलेली हकीकत अशी, की लायब्ररीला प्रबंधाची बाइंडिंग केलेली प्रत द्यावी लागे, बाइंडिंगचा खर्च बराच होता, आणि तो आपण का द्यायचा म्हणून रिची अडून बसले. प्रत गेली नाही, पदवी आली नाही. दर एप्रिलमध्ये काळं कव्हर, सोनेरी अक्षरं आणि चार प्रती यांच्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात रांग लावणाऱ्या फायनल इयरच्या मुलांना हे वाचून बरं वाटेल. (त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये, सबमिशन अडकेल.) हा प्रबंध पुढे जवळजवळ पन्नास वर्षं कुणाला सापडत नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने तो मिळाल्याचं जाहीर केलं.

प्रबंध पुरा व्हायच्या आधीच, १९६७ मध्ये, रिची वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये लागले होते. ही टेलिफोन कंपनी एटी अँड टीची प्रयोगशाळा. तिथे मल्टिक्स नावाची एक भली मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचं काम एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिकसोबत चालू होतं. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला आणि १९६९ च्या वसंतात बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतलं. रिची आणि त्यांचे मित्र केन थॉम्पसन यांच्या हाताला चांगली सिस्टीम उरली नाही. नवीन मशीन मागितलं, तर वरचे लोक नको म्हणत. आधीच्या अनुभवाने तोंड पोळलेलं, मग ताकही फुंकून पिणं आलंच.

थॉम्पसन यांनी त्या वर्षी एक गेम लिहिला होता. नाव स्पेस ट्रॅव्हल. सूर्यमालेतले ग्रह आणि चंद्र आपापल्या कक्षेत फिरतायत आणि खेळणारा आपलं यान त्यातून नेऊन कुठेतरी उतरवायचा प्रयत्न करतोय, असा तो खेळ. ज्या गोलाचं गुरुत्वाकर्षण त्या घडीला सगळ्यात जास्त, तेवढंच यानावर लागू करायचं, अशी हिशोबाची सोय केलेली होती. आधी तो मल्टिक्सवर लिहिला, मग फोर्ट्रानमध्ये करून जीई ६३५ या मोठ्या मशीनवर नेला. तिथे दोन अडचणी आल्या. चित्र धक्के खात हलायचं आणि हुकूम टाइप करून यान चालवावं लागायचं. दुसरी अडचण जास्त मोठी. मोठ्या मशीनच्या वेळेचे पैसे लागत आणि एका डावाला साधारण पंच्याहत्तर डॉलर खर्च पडायचा.

पंच्याहत्तर डॉलर म्हणजे किती? १९६९ ला डॉलर साडेसात रुपयांचा होता. म्हणजे एका डावाचे साडेपाचशेच्या वर रुपये. आपण जळगावकर हिशोब सोन्यात करतो, तर तसाच करू. तेव्हा दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत मिळायचं. एक डाव म्हणजे दोन तोळ्यांपेक्षा जास्त सोनं! अर्थात हे पैसे त्यांच्या खिशातून जात नव्हते, खात्यावर पडत होते. पण किती दिवस पडू देणार?

थॉम्पसन यांनी मग कोपऱ्यात पडून असलेलं एक लहान मशीन शोधलं. पीडीपी-७ त्याचं नाव. फारसं कुणी वापरत नव्हतं, पण चित्र दाखवायचा पडदा झकास होता. मेमरी आठ हजार शब्दांची, आजच्या मापाने अठरा केबी. फॉर्मवर अपलोड करायचा आपला फोटोही त्यात मावणार नाही. थॉम्पसन आणि रिची यांनी दोघांनी मिळून स्पेस ट्रॅव्हल या मशीनसाठी नव्याने लिहायला घेतला. आयतं असलेलं काहीच वापरायचं नाही असा हट्ट होता. त्यामुळे दशांशाचं गणित करणारे प्रोग्राम, पडद्यावरच्या अक्षरांचे ठिपके, चुका शोधायचं साधन, सगळं स्वतः लिहिलं. प्रोग्राम मोठ्या मशीनवर तयार करायचा, त्याची कागदी पट्टी भोकं पाडून काढायची, आणि ती हातात घेऊन पीडीपी-७ कडे चालत जायचं. पट्टीत चूक निघाली की परत सगळं पहिल्यापासून. आपल्याला पेन ड्राइव्ह दोनदा लावावा लागला तर राग येतो.

गेम छान चालला. पण त्या खटपटीत दोघांना हे मशीन आतून-बाहेरून कळलं आणि पट्ट्या वाहून नेण्याचा कंटाळाही आला. फाइल सिस्टीमचा आराखडा कागदावर आधीच झालेला होता. थॉम्पसन यांनी तो या मशीनवर बसवला, वर शेल, एडिटर, असेंबलर चढवले आणि मशीन स्वतःच्या पायावर उभं राहिलं. त्याला १९७० मध्ये युनिक्स नाव पडलं. १९७१ च्या नोव्हेंबरात पहिलं मॅन्युअल निघालं, त्याच्या सहाव्या भागात बुद्धिबळ, फुली-गोळा आणि पत्त्यांचा ब्लॅकजॅक होता. पुढे हा सहावा भाग गेम्सचाच झाला. आजही कुठल्याही लिनक्सवर मॅन्युअलचा सहावा भाग गेम्सचा असतो, आणि डेबियन किंवा उबुंटूमध्ये पाथ छापून बघा, त्यात स्लॅश यूएसआर स्लॅश गेम्स असतं. अभ्यासाच्या सिस्टीममध्ये खेळाची जागा घरमालकानेच राखून ठेवलेली आहे.

रिची यांचं खरं मोठं काम यानंतरचं. थॉम्पसन यांची बी नावाची छोटी भाषा होती. नव्या पीडीपी-११ मशीनला ती पुरेना. रिची यांनी तिच्यात टाइप्स आणले, नंतर स्ट्रक्चर आणलं, कंपायलर लिहिला, आणि १९७१ ते १९७३ या काळात बीची सी झाली. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये परत लिहिला गेला. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम त्या-त्या मशीनच्या असेंब्लीत लिहायची रीत होती. मशीन बदललं की सगळं पाण्यात. आता कंपायलर नव्या मशीनवर नेला, की मागून सिस्टीमही नेता येऊ लागली. गेमवाल्यांनी रिची यांचे पाय धरावेत ते यासाठी. डूम, क्वेक ही सगळी सीमध्ये लिहिलेली. डूम तर १९९३ मध्ये बनवलाच गेला तो नेक्स्टस्टेप या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीमवर. १९९४ मध्ये लिनक्सवर आला, आणि १९९७ च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोड खुला झाला.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्याबरोबर रिची यांनी सीचं पुस्तक लिहिलं. हॅलो वर्ल्ड जगभर पोचवलं ते याच बारीकशा पुस्तकाने.

मग युनिक्स पसरलं कसं? एटी अँड टीवर सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या समझोत्याचं बंधन होतं, टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून विद्यापीठांना युनिक्स सोर्स कोडसकट, नाममात्र पैशात मिळे. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये त्या कोडवर ओळीन्‌ओळ समजावणारी टिपणं काढली. पुढे कंपनीने ती वर्गात वापरायला बंदी केली, तर जगभरच्या पोरांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सची परंपरा आपलीच आहे असं समजू नका. १९८४ नंतर एटी अँड टीला धंद्याची मुभा मिळाली, युनिक्स महाग आणि बंद होत गेलं. त्या आधीच, १९८३ मध्ये, स्टॉलमन यांनी जीएनयूची घोषणा केली होती. १९९१ मध्ये टॉरवाल्ड्स यांचं लिनक्स आलं. युनिक्सचा कोड उचलला नाही, पण घडण तीच आणि भाषा रिची यांचीच.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००७ च्या सुमारास उबुंटूच्या सीड्या परदेशातून पोस्टाने फुकट यायच्या. हॉस्टेलच्या पत्त्यावर पाकीट आलं की पोस्टमनपासून रेक्टरपर्यंत सगळे वळून बघायचे. त्यातली एक सीडी घेऊन पारोळ्याच्या एका ज्युनिअरने सीमध्ये एक गेम लिहिला. रावेरहून केळीचा ट्रक निघतो, सहा नंबरच्या हायवेवरचे खड्डे चुकवत धुळ्याला पोचवायचा. जास्त दणके बसले तर केळी काळी पडतात आणि भाव मिळत नाही. चार महिने लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून पोरगं बसलं होतं. किंमत ठेवली वीस रुपये. आठवड्यात गेम प्रत्येक रूमवर होता आणि विकल्या गेल्या होत्या सात प्रती. भो, लिनक्सचं आहे ना, मग फुकटच, असं सगळे म्हणाले. मीही पेन ड्राइव्हवरूनच घेतला. विंडोजचे गेम तर आम्ही कोऱ्या सीडीवर उतरवतच होतो, त्यामुळे लाज वाटायचा प्रश्न नव्हता. ज्युनिअरने पुढे दुसरा गेम केला नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच अमेरिकेत झालं होतं. लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली, सिव्हिलायझेशन, क्वेक थ्री, सिमसिटीसारखे गेम लिनक्ससाठी करून डब्यात विकायची. २००२ च्या जानेवारीत बंद पडली, पुरेसे घेणारे नव्हते. मात्र तिथल्या सॅम लँटिंगा यांची सीमध्ये लिहिलेली एसडीएल लायब्ररी राहिली. आमच्या केळीच्या ट्रकमध्ये तीच होती. म्हणजे लिनक्सवाला चिकटच का? तसंही नाही. २०१० मध्ये हम्बल इंडी बंडल निघालं, पाच-सहा गेम, किंमत आपल्या मनाची. त्यात लिनक्सवाल्यांनी दिलेली सरासरी रक्कम विंडोजवाल्यांपेक्षा जास्त निघाली. नंतर २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आलं, २०२२ मध्ये लिनक्सवरच चालणारा स्टीम डेक. काही ऑनलाइन गेम अँटी-चीटमुळे अजून अडतात, हे खरं. बाकी किमती रुपयात दिसतात, सेलची वाट बघितली तर मेसच्या फीस्टएवढ्या पैशात चांगला गेम मिळतो.

रिची यांनी हे सगळं पाहिलं नाही. ते शेवटपर्यंत पगारी नोकर राहिले. दुपारी लॅबमध्ये यायचे, रात्री उशिरापर्यंत घरून काम करायचे, बोलायचे कमी. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार, १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय पदक, असे मान मिळाले. २००७ मध्ये निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ ला बर्कली हाइट्सच्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत होते, वय सत्तर. स्टीव्ह जॉब्ज जाऊन आठवडाच झाला होता, त्यामुळे पेपरांना या बातमीकडे बघायला फारसा वेळ नव्हता. त्याच नोव्हेंबरात आलेली फेडोरा १६ रिची यांच्या स्मृतीला अर्पण केलेली होती. आमच्या लॅबच्या मशीनवर तीच आवृत्ती मी टाकली. त्याच रात्री पारोळ्याचा नंबर शोधून त्या ज्युनिअरला फोन केला. तो पुण्याला नोकरीला लागला होता. वीस रुपये द्यायचे राहिलेत म्हटलं, तर आधी त्याला गेम आठवेचना. मग म्हणाला, सोर्स कोड कुठे गेला माहीत नाही, तुमच्याकडे असेल तर पाठवा. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर नुसती चालणारी फाइल होती. कोड मी कधी घेतलाच नव्हता.