लू शुन यांची विद्यार्थिदशा

विद्यार्थी मित्रहो, आणि मुलांना पुढे काय शिकवावे या विवंचनेत असलेल्या पालकांनो, आधुनिक चिनी साहित्याचे जनक मानले जाणारे लू शुन मुळात डॉक्टर व्हायला निघाले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

त्यांचे खरे नाव चौ शूरेन. जन्म १८८१ चा, शाओशिंग येथील एका विद्वान घराण्यात. पण परीक्षेतील लाचेच्या प्रकरणात आजोबा तुरुंगात गेले, वडील अंथरुणाला खिळले आणि घराची रया गेली. चीजवस्तू गहाण ठेवायची आणि त्या पैशांतून औषध आणायचे, हे काम या थोरल्या मुलाकडे आले. वैद्य औषधासोबत तीन वर्षे हिवाळा सोसलेला ऊस आणि रातकिड्यांची मूळ जोडी मागत. हे सारे करूनही १८९६ मध्ये वडील गेलेच.

त्या काळी जुने ग्रंथ घोकून सरकारी परीक्षा देणे हाच प्रतिष्ठेचा मार्ग होता. परकीय विद्या शिकणारा वाया गेला, असे लोक म्हणत. तरीही १८९८ मध्ये आईने कशीबशी आठ नाणी वाटखर्चाला जमवली आणि रडत रडत मुलाला नानकिंगच्या बिनफीच्या शाळेत धाडले. त्या माउलीचे धैर्य मला मुलाच्या हुशारीहून मोठे वाटते.

१९०२ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते जपानला गेले. १८९५ मध्ये चीनने जपानकडून हार खाल्ली होती. ज्याने हरवले त्याच्याकडेच शिकायला जावे, असा विचार मग बळावला. १८९६ मध्ये अवघे १३ विद्यार्थी गेले होते; १९०५-०६ च्या सुमारास ही संख्या आठ हजारांच्या घरात पोचली. युरोपपेक्षा जपान जवळ, खर्च कमी, आणि जपानी लिखाणात चिनी अक्षरे असल्याने वाचन त्यातल्या त्यात सोपे. पुष्कळजण काही महिन्यांचा अभ्यासक्रम उरकून परतत. झटपट शिक्षणाची ही हौस आपल्यालाही अपरिचित नाही.

लू शुन यांनी मात्र १९०४ मध्ये दूरच्या सेंदाई येथील वैद्यकीय शाळा निवडली. तिथे ते एकटेच चिनी. शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो यांनी त्यांची वही मागून घेतली आणि परत दिली तेव्हा पानन् पान लाल शाईने दुरुस्त केलेले होते. चुकलेली भाषासुद्धा सुधारलेली! पुढे हा क्रम चालूच राहिला. वार्षिक परीक्षेत १४२ जणांत त्यांचा क्रमांक ६८ वा आला. काही सहाध्यायांनी कुजबूज सुरू केली, की फुजिनोंनी त्यांना प्रश्न आधीच फोडले. गंमत अशी, की फुजिनोंच्याच विषयात त्यांना सर्वांत कमी, ५९.३ गुण होते.

त्यानंतरचा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. तासाच्या शेवटी रूस-जपान युद्धाची चित्रे पडद्यावर दाखवीत. एका चित्रात हेरगिरीच्या आरोपावरून एका चिनी माणसाचा शिरच्छेद होणार होता आणि भोवती धडधाकट चिनी लोक नुसते बघत उभे होते. या लोकांची मने जागी झाल्याशिवाय औषधांचा उपयोग काय, असे त्यांना वाटले. १९०६ मध्ये त्यांनी वैद्यक सोडले.

फुजिनोंना वाईट वाटू नये म्हणून आपण जीवशास्त्र शिकणार असल्याचे त्यांनी खोटेच सांगितले. गुरूंनी निरोपादाखल स्वतःचे छायाचित्र दिले आणि पत्र लिहायला बजावले. शिष्याने एकही पत्र लिहिले नाही. सांगण्याजोगे हाती काही नव्हते: काढायचे ठरवलेले मासिक निघालेच नाही, आणि १९०९ मध्ये छापलेल्या अनुवादित कथांच्या तोक्योत जेमतेम वीसेक प्रती खपल्या. त्याच वर्षी ते मायदेशी परतले आणि शिक्षक झाले. ज्या कथेने नाव झाले ती ‘वेड्याची रोजनिशी’ १९१८ ची. म्हणजे वैद्यक सोडल्यावर बारा वर्षांनी.

१९२६ मध्ये त्यांनी फुजिनोंवर लेख लिहिला. गुरूंचे छायाचित्र टेबलासमोरच्या भिंतीवर असे. फुजिनो तोवर आपल्या गावाकडे साधा दवाखाना चालवीत होते. हा नामांकित लेखक म्हणजे आपलाच विद्यार्थी, हे त्यांना फार उशिरा उमगले. १९३६ मध्ये लू शुन शांघायला वारले. त्या वह्या हरवल्या असेच ते शेवटपर्यंत समजत होते. पुढे त्या शाओशिंगमध्ये सापडल्या, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट.