सेनापतिपदाचा वारसा

उद्योगसमूह असो वा सरदारघराणे, कर्ता पुरुष गेल्यावर धुरा कोणी वाहायची, हा प्रश्न टळत नाही. मावळातील तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांचे उत्तरायुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात गेले.

त्यांचे पती खंडेराव यांना छत्रपती शाहूंनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. १७२९ मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि पद थोरले पुत्र त्रिंबकराव यांच्याकडे आले. गुजरातच्या चौथाईवरून त्यांचा पहिल्या बाजीरावांशी संघर्ष पेटला. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत ते धारातीर्थी पडले.

शाहूंनी धाकट्या यशवंतरावांना सेनापतिपदाची वस्त्रे दिली. कारभार मात्र उमाबाईंनी सांभाळला. अहमदाबादेवरील स्वारीचे नेतृत्वही त्यांनी केले. यशवंतरावांना पुढे ती जबाबदारी पेलली नाही. गुजरातेतील सूत्रे हळूहळू दाभाड्यांचे मुतालिक गायकवाड यांच्या हाती गेली. शाहूंच्या निधनानंतर उमाबाईंनी पेशव्यांविरुद्ध ताराबाईंची बाजू घेतली, पण तो डाव फसला आणि १७५१ मध्ये त्यांना कैद झाली. १७५३ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. सेनापती हा किताब तळेगावात राहिला. राज्य मात्र बडोद्यात गायकवाडांचे उभे राहिले.